टीसीईने बिघडलेलं भूजल : परमँगनेट सोडावं की लोखंड पुरावं?

कातळरेषा

एका जुन्या जागेच्या शुद्धीकरणाचा आराखडा करायचा आहे. तिथे पूर्वी यंत्रांचे सुटे भाग ट्रायक्लोरोइथिलीनने, म्हणजे टीसीईने, धुऊन त्यांवरचं ग्रीस काढत. काम कधीच बंद झालं, पण निरीक्षण विहिरींत टीसीई अजून सापडतंय. वरचे सहा मीटर वाळू आणि तिच्याखाली चिकणमाती. सर्वात वाईट विहिरीत लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे आपण हजार पटीने वर आहोत.

माझा कल पोटॅशियम परमँगनेटकडे आहे. टीसीईच्या एका रेणूला परमँगनेटचे दोन पुरतात आणि शेवटी उरतं काय, तर कार्बन डायऑक्साइड, क्लोराइड आणि मँगनीज डायऑक्साइड. वजनात बोलायचं तर एक किलो टीसीईला साधारण २.४ किलो परमँगनेट. माझे सहकारी मात्र जमिनीत लोखंडाच्या चुऱ्याची, पाणी आरपार जाऊ देणारी भिंत उभारा म्हणतात. ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं.

सहज_वाचक

विषय नवीन आहे, वाचतोय. एक प्राथमिक शंका. हे टीसीई पाण्यात नीट मिसळत नाही म्हणतात, मग भूजलात जातं कसं? तेलासारखं वर तरंगायला हवं ना?

नीरक्षीर

सहज_वाचक, तरंगत नाही, बुडतं. टीसीईची घनता पाण्याच्या १.४६ पट आणि ड्रायक्लीनिंगमधल्या पीसीईची (टेट्राक्लोरोइथिलीनची) १.६२ पट. शिवाय टीसीई पाण्यापेक्षा पातळ आहे, त्यामुळे वाळूतून झरझर खाली उतरतं. भूजलाची पातळी लागली तरी थांबत नाही. चिकणमाती किंवा कातळ लागला की तिथे पसरतं, खळग्यांत साचतं, भेगा असतील तर आणखी खाली जातं. वाटेत वाळूच्या छिद्रांमध्ये बारीक थेंब अडकून राहतात ते वेगळेच. जर्मन भूजलतज्ज्ञ फ्रीडरिश श्विले यांनी काचेच्या टाक्यांत वाळू भरून हे उतरणं डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. तोवर पुष्कळांचा समज तुमच्यासारखाच होता.

आता मिसळण्याबद्दल. विरघळतं थोडंच, लिटरला एक ग्रॅमच्या आसपास. पण मर्यादा मायक्रोग्रॅमची आहे! हिशेब करून बघा: एक लिटर टीसीई म्हणजे १.४६ किलो. ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेला ते जवळजवळ २९ कोटी लिटर पाणी बिघडवायला पुरतं.

सहज_वाचक

२९ कोटी! धन्यवाद, आता नीट वाचतो.

रिडॉक्स

कातळरेषा, तुमचं २.४ किलोचं गणित बरोबर आहे आणि तरीही ते कामाचं नाही. कारण परमँगनेट फक्त टीसीईला खात नाही, ते माती खातं. मातीतला सेंद्रिय कार्बन, क्षपित लोह, सल्फाइड या सगळ्यांवर ते खर्च होतं. याला मातीची नैसर्गिक ऑक्सिडकारक मागणी म्हणतात आणि ती प्रयोगशाळेत मोजावीच लागते.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. एक घनमीटर वाळूत सच्छिद्रता ३० टक्के धरली तर ३०० लिटर पाणी. लिटरला ५ मिलिग्रॅमने त्यात दीड ग्रॅम टीसीई. त्यासाठी परमँगनेट लागेल ३.६ ग्रॅम. आता त्याच घनमीटरात माती आहे सुमारे १७०० किलो. तिची मागणी किलोला २ ग्रॅम निघाली, जी काही फार मोठी नाही, तर माती एकटी ३.४ किलो परमँगनेट गिळणार. म्हणजे प्रदूषकाच्या नऊशे पटींहून जास्त. मातीला चिकटलेलं टीसीई यात धरलेलं नाही, पण ते धरूनही चित्र पालटत नाही. स्वच्छ वाळूत मागणी याहून कमी असते, काळ्या सेंद्रिय गाळात कितीतरी जास्त. ही चाचणी न करता आराखडा करणं म्हणजे रसायन किती मागवायचं हेच माहीत नसताना मागणी नोंदवणं.

दुसरं, तुमच्या पाण्यात फक्त टीसीईच आहे का? परमँगनेट दुहेरी बंध असलेल्यांवर चालतं: पीसीई, टीसीई, डायक्लोरोइथिलीन, व्हिनाइल क्लोराइड. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, १,१,१-ट्रायक्लोरोइथेन असल्या संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) रेणूंना ते हात लावत नाही म्हटलं तरी चालेल. ग्रीस काढायला पूर्वी टीसीईच्या जोडीला किंवा नंतर त्याच्या जागी ट्रायक्लोरोइथेन सर्रास वापरत. त्याच्यात स्थिरक म्हणून घातलेलं १,४-डायऑक्सेन हे आणखी एक दुखणं. ते पाण्यात पूर्ण मिसळतं आणि दूरवर जातं. म्हणून आधी पूर्ण यादी तपासून घ्या.

आडवाटा

रिडॉक्स यांच्याशी सहमत. पण मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहक्षार, म्हणजे फेंटनची अभिक्रिया का नको? हायड्रॉक्सिल मुक्तमूलक तर कोणालाच सोडत नाही. त्याचं ऑक्सिडीकरण विभव २.८ व्होल्टच्या घरात, परमँगनेटचं १.७.

रिडॉक्स

आडवाटा, व्होल्ट बघून ऑक्सिडकारक निवडला की फसगत होते. हायड्रॉक्सिल मूलक ताकदवान आहे म्हणूनच क्षणभरसुद्धा टिकत नाही. ज्या जागी तयार होतो त्याच जागी संपतो. पेरॉक्साइड जमिनीत काही तास, फार तर काही दिवस. फेंटनला सामू ३ च्या आसपास हवा असतो आणि मातीत चुना किंवा कार्बोनेट असेल तर तो तिथवर उतरतच नाही, शिवाय कार्बोनेट मूलकांना गिळतं. वरून उष्णता आणि ऑक्सिजन वायू सुटतो, त्यासोबत बाष्पशील टीसीई वर येऊ शकतं. जवळ इमारत असेल तर हा धोका गंभीर आहे.

मधला रस्ता परसल्फेटचा. ते आठवडे-महिने टिकतं, आणि उष्णता, लोह किंवा अल्काने जागं केलं की सल्फेट मूलक देतं. अल्काने करायचं तर सामू साधारण १०.५ च्या वर न्यावा आणि ठेवावा लागतो. संपृक्त रेणू आणि डायऑक्सेन असतील तर परमँगनेटपेक्षा हे बरं. नंतर पाण्यात सल्फेट वाढतं, त्याचाही हिशेब ठेवायचा.

परमँगनेट यांत सर्वात मवाळ, पण महिनोन् महिने टिकतं. जमिनीखाली हा टिकाऊपणा फार मोलाचा आहे. कारण तिथे ढवळायला कोणी नसतं. रसायन चालत चालत प्रदूषकापर्यंत पोचायला हवं.

वाळूचाकण

परमँगनेट हाताळणारा माणूस ओळखायला ओळखपत्र लागत नाही, तपकिरी बोटं बघितली की पुरे :)

(हातमोजे आणि चष्मा मात्र खरंच घाला. सोडियम परमँगनेटचं तीव्र द्रावण तर त्वचा भाजतं, आणि सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडली तर पेट घेऊ शकतं. सांडलेलं पुसायला कापडी बोळा कधीही वापरू नका.)

चिकणमाती_वाली

सगळे रसायनाबद्दल बोलताहेत. मला त्या खालच्या थराबद्दल बोलायचंय. कातळरेषा यांनी तो एका वाक्यात उरकला आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

टीसीई इतकी वर्षं त्या चिकणमातीच्या डोक्यावर बसलं होतं. वर जास्त, आत शून्य, म्हणून ते विसरणाने हळूहळू आत शिरत गेलं. आता वाळूतलं पाणी तुम्ही परमँगनेटने चकाचक केलंत की दिशा उलटते: आत जास्त, बाहेर शून्य. जे वर्षानुवर्षं आत गेलं ते त्याहूनही सावकाश बाहेर येतं. मातीच्या माठात एकदा रॉकेल ठेवलं तर पाणी कितीदाही बदला, वास येतच राहतो, त्यातलाच हा प्रकार. उपसा करून पाणी शुद्ध करणाऱ्या योजना याच कारणाने दशकानुदशकं चालू राहिल्या. आकडा सुरुवातीला झपाट्याने उतरतो, मग मर्यादेच्या वर कुठेतरी आडवा पडतो आणि हलतच नाही.

परमँगनेट टाकल्यावर पहिल्या फेरीचे नमुने अप्रतिम येतात. सगळे खूश होतात. पाणी जांभळं असेपर्यंत टीसीई सापडणारच नाही, त्यात नवल काय? खरा निकाल रंग गेल्यानंतरचा. मी अशी एक जागा जवळून पाहिली आहे, जिथे सल्लागारांनी जांभळ्या पाण्याच्या आकड्यांवर काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी टीसीई जवळपास मूळ पातळीवर परतलं. त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या लोकांना मधल्या काळात सुरक्षित असल्याचं सांगितलं गेलं होतं. मला याचा अजून संताप येतो. म्हणून विनंती अशी की ऑक्सिडकारक पूर्ण संपल्यावर निदान वर्षभर, सगळ्या ऋतूंत नमुने घेतल्याशिवाय कोणीही यश जाहीर करू नये.

नीरक्षीर

+१०० चिकणमाती_वाली. एक भर घालतो. परमँगनेट स्वतःही थोडं चिकणमातीत झिरपतं, ही त्याची जमेची बाजू. पण तिथे मातीची मागणी जास्त असल्याने फार आत जाण्याआधीच संपतं. आणि शुद्ध टीसीईचे साठे असतील तर त्यांच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचं कवच बनतं. आत टीसीई, बाहेर परमँगनेट, मध्ये भिंत.

जीवाणूप्रेमी

इतका वेळ गप्प होतो, आता राहवत नाही. जे काम जीवाणू फुकटात करतात त्याला पिंपांनी रसायनं कशाला? ऑक्सिजन नसलेल्या भूजलात पीसीईचा एकेक क्लोरीन निघत जातो: पीसीई, टीसीई, सिस-डीसीई (डायक्लोरोइथिलीनचा एक प्रकार), व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी इथिन. हा पूर्ण प्रवास एकट्याने करणारा जीवाणू १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने वेगळा केला, आज त्याला डीहॅलोकोकॉइडिस मॅकार्टी म्हणतात. त्याला लागतो हायड्रोजन. वनस्पती तेलाचं इमल्शन किंवा लॅक्टेट जमिनीत सोडलं की ते आंबून हायड्रोजन मिळतो.

कातळरेषा, तुमच्या नमुन्यांत सिस-डीसीई आहे का? कारखान्यात ते कोणी वापरत नसे. सापडलं तर समजा की तिथे जीवाणू आधीच कामाला लागलेत आणि तुम्ही परमँगनेट ओतून त्यांच्या घरात ऑक्सिडकारकाचा पूर आणणार आहात.

आडवाटा

जीवाणूप्रेमी, 'फुकटात' हा शब्द मागे घ्या. अर्ध्या जागांवर ही साखळी सिस-डीसीईवर किंवा व्हिनाइल क्लोराइडवर अडकते. व्हिनाइल क्लोराइड हे सिद्ध कर्करोगकारक, त्याची अमेरिकी मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, टीसीईहूनही कडक. वाईट होतं त्याचं अतिवाईट करून ठेवायचं?

जीवाणूप्रेमी

'अर्ध्या जागा' हा आकडा कुठून आला? अडकते ती मुख्यतः योग्य जीवाणू नसले, सामू ६ च्या खाली गेला किंवा हायड्रोजन संपला तर. तिन्ही गोष्टी तपासता येतात. व्हिनाइल क्लोराइड तोडणारी जनुकं पाण्यात आहेत का हे डीएनए चाचणी सांगते. नसतील तर बाहेरून वाढवलेले जीवाणू सोडता येतात. तपासणी न करता तेल ओतणाऱ्यांमुळे पद्धत बदनाम होते.

आडवाटा

आकडा मागे घेतो, 'बऱ्याच' म्हणा. धोक्याचा मुद्दा मात्र कायम.

लोहगंध

धाग्याच्या शीर्षकात लोखंड आहे आणि इतका वेळ कोणी त्याचं नाव घेत नाही, म्हणून लिहितो.

१९९१ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत बॉर्डन इथे वॉटर्लू विद्यापीठाच्या रॉबर्ट गिलहॅम आणि स्टेफनी ओ'हॅनेसिन यांनी भूजलाच्या वाटेत लोखंडाचा चुरा आणि वाळू यांची भिंत घातली. लोखंड होतं फक्त २२ टक्के, बाकी वाळू. भिंतीपलीकडे टीसीई ९० टक्के आणि पीसीई ८६ टक्के कमी झालं. पुढे १९९४-९५ मध्ये कॅलिफोर्नियात सनीवेल इथे पहिली व्यावसायिक भिंत झाली. नंतर नॉर्थ कॅरोलिनात एलिझाबेथ सिटीला १९९६ मध्ये ४६ मीटर लांबीची, जिने टीसीईबरोबर क्रोमियमही अडवलं.

यातलं रसायनशास्त्र मला फार देखणं वाटतं. गंजताना लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं आणि टीसीई ते घेतं. पण जीवाणूंसारखं एकेक क्लोरीन काढत न बसता बहुतेक टीसीई लागून असलेल्या दोन कार्बनांवरचे क्लोरीन एकदम सोडतं. त्यातून क्लोरोअॅसिटिलीन, मग अॅसिटिलीन आणि पुढे इथिन. व्हिनाइल क्लोराइडचा थांबा बराचसा टळतो. आडवाटा यांची काळजी इथे पुष्कळ कमी होते.

मर्यादाही सांगतो. डायक्लोरोमिथेन आणि १,२-डायक्लोरोइथेन यांच्यावर लोखंड चालत नाही. सामू वाढतो, कार्बोनेट आणि लोहाचे क्षार पृष्ठभागावर साचतात, कालांतराने भिंतीची ताकद घटते. आणि मुख्य म्हणजे भिंत येणाऱ्या पाण्याची वाट बघते. प्रदूषणाच्या उगमाकडे ती जात नाही. उगमाच्या वर इमारत असेल, खालच्या बाजूला विहिरी किंवा नदी असेल तर भिंत उत्तम, पण चिकणमातीतून टीसीई झिरपत राहील तितकी वर्षं ती शाबूत ठेवावी लागेल.

सहज_वाचक

लोखंडाचे नॅनोकण जमिनीत सोडतात असं कुठेतरी वाचलं होतं. ते उगमापर्यंत जात नाहीत का?

लोहगंध

कल्पना तीच होती. अभिक्रिया वेगवान होते खरी, पण कण एकमेकांना चिकटून गठ्ठे बनतात आणि फार दूर जात नाहीत. शिवाय पाण्याशीच अभिक्रिया करून लवकर संपतात. नासाने त्यावर एक युक्ती काढली: लोहाचे कण आणि पाणी तेलाच्या थेंबात बंद करून इमल्शन करायचं. शुद्ध टीसीई पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतं, म्हणून ते आपणहून थेंबात शिरतं आणि आत त्याचा निकाल लागतो. फ्लोरिडात केप कॅनव्हेरलच्या ३४ क्रमांकाच्या प्रक्षेपण संकुलात २००२ मध्ये याची चाचणी झाली. रॉकेट इंजिनांचे भाग तिथे टीसीईने धूत असत.

नीरक्षीर

त्याच संकुलात १९९९ पासून परमँगनेट, विजेने जमीन तापवणं आणि वाफ यांची शेजारीशेजारी तुलनाही झाली होती. तापवण्याचा विषय निघालाच तर: पाणी आणि टीसीई एकत्र असतील तर मिश्रण ७३ अंशांनाच उकळू लागतं, शंभरापर्यंत जावं लागत नाही. आणि वीज चिकणमातीतून वाळूपेक्षा बरी वाहते. रसायन जिथे शिरत नाही नेमकं तिथे उष्णता शिरते. खर्चिक आहे, वाफा वर ओढून पकडाव्या लागतात. पण चिकणमातीत खूप माल अडकला असेल तर दुसरं काय चालतं ते मला सांगा.

मुक्तछंदी

थोडं अवांतर. ही पाण्याची मर्यादा इतकी कडक का असं कोणाच्या मनात असेल तर अमेरिकेतल्या कॅम्प लेज्यून या मरीन तळाबद्दल जरूर वाचा. तिथल्या घरांना मिळणाऱ्या पाण्यात १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टीसीई, पीसीई आणि इतर द्रव्यं होती. १९८२ मध्ये नळाच्या एका नमुन्यात टीसीई लिटरला १४०० मायक्रोग्रॅम निघालं होतं. सैनिकांची कुटुंबं, गरोदर बायका, लहान मुलं तेच पीत होती. भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा आला २०२२ मध्ये. एवढा उशीर वाचून जीव कासावीस होतो.

चिकणमाती_वाली

अवांतर कसलं, हे सगळं त्याचसाठी तर चाललंय. आणि पाणी न पिताही धोका आहे. टीसीई भूजलातून वायुरूपाने वर येऊन जमिनीच्या फटींतून घरात शिरतं. कातळरेषा, जवळपास इमारती असतील तर फरशीखालच्या हवेचे नमुने आधी घ्या. पाण्याचं काम वर्षानुवर्षं चालेल, घरातली हवा थांबू शकत नाही.

कातळरेषा

इतक्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. अहवाल पुन्हा उघडून जी माहिती मिळाली ती देतो. ट्रायक्लोरोइथेन नाही, डायऑक्सेन तपासलेलंच नाही. सिस-डीसीई आहे: उगमाजवळ नगण्य, पण प्रवाहाच्या खालच्या बाजूला टीसीईच्या जवळपास निम्मं. व्हिनाइल क्लोराइड अगदी थोडं. चिकणमातीचे नमुने कोणी घेतलेलेच नाहीत. मागणीची चाचणीही नाही. इमारत एक आहे, रिकामी.

रिडॉक्स

मग चित्र बरंच स्पष्ट आहे. उगमापाशी ऑक्सिजन आहे, खालच्या बाजूला नाही, आणि तिथे जीवाणू काम करताहेत. संपूर्ण पट्ट्यावर परमँगनेट नको. उगमाच्या वाळूत, मागणी कमी निघाली तर, परमँगनेट. खालच्या बाजूला जीवाणूंना खाद्य किंवा लोखंडाची भिंत. दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर परमँगनेट वाहत जाऊन तेलावरच खर्च होईल. आणि क्रोमियम तपासत राहा. परमँगनेट मातीतल्या त्रिसंयुजी क्रोमियमचं विषारी षट्संयुजी करतं. क्षपित क्षेत्रात पोचल्यावर ते बहुधा पुन्हा बसतं, पण बहुधावर विसंबू नका.

जीवाणूप्रेमी

खालच्या बाजूबद्दल सहमत, उगमाबद्दल अर्धा सहमत. टीसीई खरंच तुटतंय की फक्त पातळ होतंय हे कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं. हलका कार्बन असलेले रेणू आधी तुटतात, म्हणून उरलेल्या टीसीईत कार्बन-१३ चं प्रमाण वाढतं. ती एक चाचणी करून घ्या, पुढचा बराच वाद संपेल.

चिकणमाती_वाली

आणि चिकणमातीचा गाभा (नळीने काढलेला उभा नमुना) काढा! दर १०-१५ सेंटिमीटरवर नमुना. टीसीई वरच्या थोड्याच जाडीत असेल तर रिडॉक्स म्हणतात तो मार्ग चालेल. मीटरभर आत गेलं असेल तर नीरक्षीर यांच्या उष्णतेचा विचार करावा लागेल. हा एक आकडा हातात नसताना रसायनावर भांडण्यात अर्थ नाही.

लोहगंध

गाभा काढताना थर आरपार भोसकू नका. भोक राहिलं तर टीसीईला खालच्या जलधरात जायला वाट मिळेल. काम झाल्यावर बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) भरून घ्या.

कातळरेषा

ठरलं तर. आधी गाभा, मागणीची चाचणी, डायऑक्सेन, समस्थानिकं. रसायनाची निवड त्यानंतर. शेवटचा एक प्रश्न: परमँगनेट सोडल्यावर नमुना जांभळाच आला तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतही अभिक्रिया चालूच राहणार ना? मग आकडा खरा कसा धरायचा?

रिडॉक्स

नाही धरायचा. बाटलीत जागेवरच एस्कॉर्बिक आम्ल घालून उरलेलं परमँगनेट मोडून काढा, रंग जाईपर्यंत. किती घातलं ते नोंदवा आणि बाटलीवर तसं लिहा.